भाऊजींनी घासलेले पत्रे

पितळेचा पत्रा सुटून पडला तो चैत्रात, सोमवारी सकाळी, ऐन आरतीच्या गर्दीत. रेणापूरच्या अलीकडं एका गावात महादेवाचं जुनं देऊळ आहे. त्याच्या गाभाऱ्याला सागवानी दरवाजा करून त्यावर पितळ मढवायचं काम आमच्या लातूरच्या दुकानाकडं आलं होतं. शिवरात्रीला दरवाजा बसला, लोकांनी त्याच्यापुढं उभं राहून फोटो काढले, आणि उन्हाळा धड लागायच्या आत वरच्या अंगाचा एक पत्रा निघून खाली आला. खाली देवस्थानच्या अध्यक्षांची बायको हात जोडून उभी होती. पत्र्याची कड तिच्या पायावर पडली. टाके घालावे लागले.

त्या दरवाजाला माझा हात लागलेला नव्हता. तरी त्याचा दोष माझ्यावर ढकलला गेला, आणि पुढं मी जे काही केलं ते त्या एका गोष्टीसाठी केलं.

माझं माहेर नांदेडचं. आबा सुतार. गुरुद्वाऱ्याकडून जुन्या शहरात जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या गल्लीत त्यांचं पत्र्याचं शेड होतं, आणि शाळा सुटली की मी तिथंच असायची. आबा तेव्हा अजून जनावरांच्या कातड्या-हाडांचा सरस गोंदासाठी शिजवायचे. त्याच्या वासानं आईला जेवण जायचं नाही. पुढं पांढरा गोंद आला, मग दोन डब्यांचा इपॉक्सी आला, आणि प्रत्येक नवा गोंद आबांनी आधी फळीच्या तुकड्यांवर लावून, ते तुकडे पाण्याच्या पिंपात बुडवून, उन्हात वाळवून, हातोडी मारून बघितला. लग्न होऊन मी लातूरला गेले तेव्हा मला स्वयंपाक बेताचा येत होता आणि गोंद चांगला कळत होता.

सासरी लोखंडाचं काम. माझे थोरले दीर, म्हणजे भाऊजी, ग्रिल, गेट, लोखंडी पलंग करायचे. आमचे हे त्यांच्या हाताखाली वेल्डिंगला. मी आले आणि त्या दुकानात लाकूड आलं. लोखंडी पायांवर सागवानी फळी बसवलेली टेबलं, क्लासवाल्यांचे बाक, सागाच्या पाटीवर पितळी अक्षरं. लातुरात क्लासेसना तोटा नाही, त्यामुळं बाकांनाही नव्हता. लाकूड आणि धातू जोडायचं काम माझं. भाऊजी गिऱ्हाइकाला छाती पुढं काढून सांगायचे, "आमच्याकडचा जोड सुटत न्हाई." आमच्याकडचा. मी मागं बसून थिनरनं बोटं पुसत असायची.

देवळाचं काम आलं तेव्हा मी त्यांना पहिल्याच दिवशी म्हणाले, "भाऊजी, ह्याला दोन डब्यांचाच गोंद लागंल. आन पत्र्याची पाठ घासून घ्यावी लागंल."

"लई येळ खातं ते. मी रबरी सोल्यूशन आणलंय. लावलं, वाळलं, दाबलं, झालं."

"उन्हाळ्यात ते मऊ पडतं. पितळ तापतं ना."

"गाभाऱ्यात कुठलं आलंय ऊन?"

दरवाजाचं तोंड पूर्वेला होतं. सकाळचं ऊन मंडपातून थेट त्यावर यायचं. हे मी बोलले. ते म्हणाले, बघू.

त्याच आठवड्यात आईचा नवस फेडायला तिच्यासोबत माहूरला जायचं होतं. मी गेले. परत आले तर दरवाजा मढवून तयार, आणि दुकानभर रबराचा वास. कडेला तेवढे मोजके खिळे मारलेले. मी बोटाच्या पेरानं पत्रा वाजवून बघितला. कडेला भरीव वाजायचा, मधोमध पोकळ. मी ह्यांना बोलावून ऐकवलं.

हे म्हणाले, "दादा बघून घेईल."

पत्रा पडल्यावर देवळाच्या मंडपात बैठक बसली. अध्यक्ष गावातले कापडाचे व्यापारी, कपाळावर भस्माचे आडवे पट्टे, बोलणं थोडं. सगळं गाव त्यांना अप्पा म्हणायचं. तो सुटलेला पत्रा त्यांच्यापुढं सतरंजीवर उताणा ठेवला होता.

"हे चिकटवलं कुणी?" त्यांनी विचारलं.

भाऊजी उठून उभे राहिले. हात जोडले. "अप्पा, चूक माझीच हाय," ते म्हणाले, आणि क्षणभर मला खरंच वाटलं की हा माणूस खरं बोलणार. "बाईच्या हातात देवाचं काम दिलं. सुताराची पोर हाय, येत आसंल, म्हणून इस्वास ठेवला. घरातलीच, म्हणून तवा बोललो न्हाई."

मी उठले. तोंडून सगळं एकदम निघालं. मी म्हणाले मी नव्हतेच, मी माहूरला होते, हा माझा गोंदच नाही. मी पत्रा उचलून अप्पांपुढं धरला. त्याची पाठ आरशासारखी चकचकीत होती आणि त्यावर पिवळ्या रबराची साय धरली होती. मी केलेल्या पत्र्याची पाठ अशी कधीच नसते, ती ओरखडलेली असते, खरखरीत असते, हे मी सांगत होते. बसलेल्यांपैकी एकजण म्हणाला, "गोंद तो गोंद. त्यात काय दाखवून राहिली बाई?" दोघं-तिघं हसले.

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे आपल्या पायांच्या बोटांकडं बघत होते.

अप्पा म्हणाले, "बाई, देवाच्या कामाला पुन्हा हात लावू नका."

ते वाक्य आमच्याआधी लातूरला पोचलं. एका क्लासवाल्यानं बाकांसाठी निरोप पाठवला, बाईंनी चिकटवलेले नकोत. भाऊजींनी तो निरोप मला सगळ्यांसमोर वाचून दाखवला. ज्या बायका माझ्याकडून दारावरची पाटी करून घ्यायच्या, त्या दुकानावरून मान वळवून जायला लागल्या. सासूबाई म्हणाल्या, घरातली गोष्ट घरात राहू दे. ती घरात राहिलीच कुठं होती?

मी ह्यांना विचारलं, "तुम्ही का बोलले न्हाई?"

"मोठा भाऊ हाय माझा."

"आन मी कोण?"

मी बॅग भरली आणि नांदेडची एसटी धरली.

आबा थकले होते, शेड बंदच असायचं. त्यांनी किल्ली दिली आणि काही विचारलं नाही. मी झाडून काढलं, उंदरांनी खाल्लेल्या फळ्या बाहेर टाकल्या, आणि पहिलं काम केलं ते असं: सागाचे, बाभळीचे, प्लायवूडचे तुकडे कापले, लोखंड, पितळ, ॲल्युमिनियम, स्टीलच्या पट्ट्या घेतल्या, आणि बाजारात मिळतील तितके गोंद आणून एकेका गोंदानं तुकड्यांना पट्ट्या चिकटवल्या. ते तुकडे तारेत ओवून शेडच्या पत्र्यावर टांगले. नांदेडचं ऊन माहीत असलेल्याला त्या पत्र्यावर मे महिन्यात काय होतं ते सांगायला नको. पावसाळ्यात ते तिथंच भिजले, थंडीत गारठले.

आबांनी शिकवलेलं मला येत होतंच, पण आता मी ते रागानं शिकत होते, आणि रागानं शिकलेलं वेगळं मुरतं. पांढरा गोंद लाकडात शिरतो, पण धातूत शिरायला त्याला जागा नसते. पहिल्या पावसात तो पट्टी सोडून देतो. झटकन चिकटणारा गोंद हाताला पक्का वाटतो आणि एका ठोक्यात काचेसारखा तडकतो. रबरी सोल्यूशन थंडीत बरं, उन्हात पाघळतं. पट्टी आधी घसरते, मग लोंबते, मग पडते. इपॉक्सी धरतो, पण त्याच्याही अटी असतात. धातूची पाठ ओरखडलेली पाहिजे, तेलाचा हात लागलेला चालत नाही, दोन डब्यांतलं माप सांगितलेलं तसंच पाहिजे, आणि जोड शिकंज्यात दाबून दिवसभर सोडून द्यावा लागतो. साग स्वतःच तेलकट, म्हणून त्यालाही थिनरनं पुसायचं. आणि लांबलचक पट्टी असेल तर तिथं कडक गोंदही हट्टाला पेटतो. लाकूड पावसात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. धातू फक्त तापला की वाढतो. दोघांची ओढ वेगळ्या वेळी, वेगळ्या अंगाला. तिथं थोडा लवचिक, वाळल्यावरही दबणारा गोंद वापरायचा, किंवा पट्टीचे तुकडे करून मध्ये फट ठेवायची.

दर रविवारी मी तार खाली काढायची आणि तुकड्यांवर हातोडी घालायची. रबरी सोल्यूशनचा तुकडा आला की तो मी सावकाश सोलायची. आई एकदा दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "कुणाचं कातडं काढून राहिलीस गं?" मी म्हणाले, "तुला माहीत हाय."

कामं मिळत गेली. आधी शेजारच्या हॉटेलची टेबलं, मग रेल्वेतल्या साहेबांच्या बंगल्यांच्या पाट्या, मग एका कॉलेजच्या स्टेजवर लाकडी भिंतीत स्टीलची अक्षरं. लातूरवरून कुणी आलं की मी चौकशी करायची. भाऊजींचं दुकान चालू होतं. देवळाच्या दरवाजावर त्यांनी जागोजागी खिळे ठोकून पत्रे बसवले होते. म्हणजे मी बिघडवलेलं त्यांनी सुधारलं, असं लोक म्हणायचे. ते ऐकलं की मला जेवण गोड लागायचं नाही.

काही महिन्यांनी हे आले. शेडच्या उंबऱ्याशी पिशवी घेऊन उभे राहिले. "येऊ का?"

मी म्हणाले, "या. पण इथं माझं ऐकावं लागंल."

ते आत आले आणि कोपऱ्यातलं वेल्डिंगचं मशीन पुसायला लागले. त्या बैठकीबद्दल ते काही बोलले नाहीत. मीही काढलं नाही. ह्यांचा हिशेब मी वेगळा ठेवला होता.

वर्षं गेली. उदगीरला एका लग्नात नणंद माझ्या शेजारी जेवायला बसली. तिला सहज म्हणून सांगायचं होतं, पण माझ्या पानातला भात तसाच राहिला. देवळाचा जीर्णोद्धार होणार, नवी चौकट, नवा दरवाजा, सगळं पितळेनं मढवायचं. काम थोरल्या दादालाच मिळणार. सोमवारी बैठक आहे.

सोमवारी मी त्या मंडपात होते. हे बरोबर आले, पण चपला काढायच्या जागी मागं रेंगाळले. अप्पा म्हातारे झाले होते, पण भस्म तसंच. त्यांनी मला ओळखलं. भाऊजींनीही ओळखलं आणि हसले.

"बाई, तुम्ही?" अप्पा म्हणाले.

"मला काम नको अप्पा," मी म्हणाले. "एक परीक्षा घ्या. एकाच सागाच्या दोन फळ्या द्या. पितळ तुम्हीच द्या, गोंदाचे डबे तुम्हीच आणा, दोघांना एकच. एका फळीवर भाऊजी मढवतील, एकीवर मी. खिळा कुणीच मारायचा न्हाई. दोन्ही फळ्या देवळाच्या पूर्वेच्या भिंतीला टांगा. पुजाऱ्यांनी रोज सकाळी अभिषेकाच्या तांब्यातलं पाणी त्यांच्यावर मारावं. उन्हाळा जाऊ द्या, पाऊस पडू द्या. मग काय ते ठरवा."

लोकांना मजा वाटली. भाऊजींना नाही म्हणता येईना. नाही म्हटलं असतं तर घाबरले दिसले असते. ते म्हणाले, "करा की. मला काय!"

पुढच्या सोमवारी मंडपात दोन सतरंज्या अंथरल्या. समितीतल्या एकानं लातूरवरून इपॉक्सीचे डबे आणले होते, चांगले, सावकाश धरणारे. निम्मं गाव जमलं होतं. मी पत्रा उताणा टाकला आणि जाड पॉलिश पेपर घेऊन त्याची पाठ घासायला बसले. आडवा हात, उभा हात, तिरपा हात. चकाकी पूर्ण जाईपर्यंत घासावं लागतं.

भाऊजी आपल्या सतरंजीवरून मोठ्यानं म्हणाले, "बघा, आमची सूनबाई भांडी घासून राहिली!"

मंडप हसला. मी खाली मान घालून घासत राहिले. त्यांनी त्यांचा पत्रा फडक्यानं पुसला, एवढंच.

मग डबे उघडले. मी झाकणानं मोजून दोन्ही सारखं घेतलं, कारण डब्यावर तसंच लिहिलं होतं, आणि एकरंग होईपर्यंत घोटत बसले. समोर भाऊजींनी पहिला डबा ओतला, आणि मग दुसऱ्यातला हार्डनर ओतायला लागले. तो पहिल्याइतका झाला. ते थांबले नाहीत. शेजारच्याला म्हणाले, "हे जितकं जास्त, तितकं लवकर दगड होतं." आणि अजून ओतला.

मी बघत होते. मला माहीत होतं की असं केलं तर ते लवकर घट्ट झाल्यासारखं दिसतं, पण आतून कधीच पूर्ण धरत नाही. चामड्यासारखं राहतं, उन्हानं मऊ होतं, पाण्यानं पांढरं पडतं. एका वाक्यात सांगता आलं असतं. आमचे हे माझ्या मागं उभे होते. त्यांनाही ते दिसलं होतं, कारण नांदेडला मी त्यांना हे दहादा सांगितलेलं. ते वाकून माझ्या कानाशी म्हणाले, "दादा जास्त टाकून राहिलाय."

मी म्हणाले, "गप बसा. तुम्हाला जमतं ते."

ते गप बसले.

दोन्ही फळ्या शिकंज्यात गेल्या. भाऊजींनी त्यांची संध्याकाळीच काढली आणि सगळ्यांना वाजवून दाखवली. खणखणीत. माझी दुसऱ्या दिवशी निघाली. बघायला कुणी थांबलं नव्हतं.

त्या उन्हाळ्याइतका उन्हाळा मला कधी आवडला नाही. नांदेडला गल्लीतली कुत्री गटारात बसलेली असायची, बायका दुपारी दार उघडत नव्हत्या, आणि मी पेपरातला लातूरचा पारा वाचून खूश व्हायची. पुजाऱ्यांकडं मी माझा फोन नंबर देऊन ठेवला होता. ते अधूनमधून फोटो पाठवायचे. वैशाखात भाऊजींच्या पत्र्याचा खालचा कोपरा किंचित उचलला. पुढच्या फोटोत कडेनं एक पांढरी रेघ. मी तो फोटो मोठा करून करून बघितला. माझ्याही फळीचा एक कोपरा नखाएवढा उघडला होता. तिथं माझं बोट लागलं असणार. तो मला एकटीलाच दिसत होता, पण तो पाहून माझा दिवस खराब गेला.

मृगात पाऊस बरा झाला. आषाढ लागता लागता अप्पांनी बोलावलं.

मंडप पुन्हा भरला होता. मागच्यापेक्षा जास्तच. फळ्या खाली काढून सतरंजीवर ठेवल्या. अप्पांनी स्वतः माझ्या फळीच्या कडेत नख घातलं, मग किल्ली घातली, मग एका शेतकऱ्याला पुढं बोलावलं. त्यानं पत्र्याखाली विळ्याचं टोक घालून जोर लावला. पत्रा वाकला आणि त्याच्याबरोबर सागाची एक ढलपी उपटून आली. गोंद सुटला नाही, लाकूड फाटलं.

मग अप्पांनी भाऊजींची फळी घेतली. दोन बोटांनी कोपरा धरला आणि ओढला. पत्रा पापडासारखा अख्खा हातात आला. पाठ चकचकीत. त्यावर पिवळट, मऊ, नखानं खरवडता येणारा थर.

अप्पांनी तो पत्रा उजेडात उताणा धरला. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "अक्का, तवाच्या पत्र्याची पाठ अशीच होती."

ते मला पहिल्यांदाच अक्का म्हणाले.

"हाव," मी म्हणाले. "तवा मी तेच दाखवून राहिले होते."

अप्पा भाऊजींकडं वळले. "मग तो दरवाजा कुणी मढवला होता?"

भाऊजी म्हणाले, "आता झालं गेलं, अप्पा. किती वर्षं झाली. घरातलं हाय."

मी उभी राहिले. "मला झालं गेलं नको. तुम्ही इथंच बोलले होते, इथंच सांगा."

त्यांनी ह्यांच्याकडं बघितलं. धाकटा भाऊ काहीतरी बोलेल, सांभाळून घेईल, अशी सवय होती त्यांना. हे पायांच्या बोटांकडं बघत होते. त्या दिवशी मला त्यांच्या त्या सवयीचा पहिल्यांदा उपयोग झाला.

"मी मढवला होता," भाऊजी पुटपुटले. "ही माहूरला गेली होती."

"मोठ्यानं," मी म्हणाले.

"मी मढवला होता!"

मंडपाच्या टोकाला कुणाच्या तरी हातात मोबाइल वर धरलेला होता. तो व्हिडिओ त्या दुपारीच लातूरला आणि दुसऱ्या दिवशी आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर पोचला. मी तो पाठवला नव्हता. काढून टाका, असंही कुणाला म्हणाले नाही.

अप्पांनी काम मला दिलं. चौकट, दोन्ही झडपा, उंबऱ्याची पट्टी. मी हो म्हणाले आणि एक अट घातली. "पत्र्यांच्या पाठी घासायला माणूस लागंल. भाऊजींना पाठवा."

अप्पांनी डोळे बारीक करून माझ्याकडं बघितलं. त्यांना कळलं. "ते येतील का?"

ते आले. व्हिडिओनंतर त्यांच्या दुकानाकडं बाकांसाठी कुणी फिरकत नव्हतं, आणि देवळाच्या कामावर दिसले तर लोक विसरतील, असं सासूबाईंनी त्यांना समजावलं होतं. सासूबाईंचा मलाही फोन आला. म्हणाल्या, "पोरी, वयानं मोठा हाय तो." मी म्हणाले, "तवाही मोठेच होते."

मंडपात मी त्यांना पाट दिला आणि पॉलिश पेपरचे कागद दिले. गावातली माणसं दर्शनाला येताना त्यांना बघत जायची. "भांडी घासून राहिले का?" असं मी एकदाही म्हणाले नाही. गरजच नव्हती, गावातले म्हणत होते. भाऊजी एकेक पत्रा घासून माझ्यापुढं ठेवायचे, मी तो उजेडात तिरपा धरायची आणि म्हणायची, "इथं चकाकी राहिली. पुन्हा." ते घेऊन जायचे. सुरुवातीला खरंच राहायची. पुढं त्यांचा हात बसला, पाठी एकसारख्या खरखरीत यायला लागल्या, माझ्यापेक्षाही नीट. तरी मी एखादा पत्रा परत करायची. "पुन्हा." ते बघायचे, मी बघायची, आणि ते पुन्हा पाटावर जाऊन बसायचे. त्यांच्या बोटांची कातडी गेली होती. चिंधी बांधून घासायचे.

एक दिवस जेवायच्या सुट्टीत हे माझ्यापाशी आले. "बास कर की आता. चांगला होता तो पत्रा."

"माहीत हाय मला."

"मग?"

"तुम्ही बोलायच्या टायमाला बोलले न्हाई," मी म्हणाले. "आता बिनकामाचं बोलू नका."

ते गेले, भावाच्या शेजारी खाली बसले, दुसरा कागद घेतला आणि घासायला लागले. मी अडवलं नाही. दोघं भाऊ एका ओळीत बसून पितळ घासताना बघून मला जे वाटलं, ते मी कुणापासून लपवत नाही. मला गार वाटलं.

दरवाजा श्रावणाच्या पहिल्या सोमवारी उघडला. अप्पांच्या बायकोनं पहिली पूजा केली. तिच्या पायावरचा वण लुगड्याच्या काठाखालून दिसत होता. आरतीत भाऊजी शेवटच्या रांगेत होते. प्रसाद घेऊन निघताना माझ्यासमोर आले तेव्हा थांबले. मला वाटलं काही म्हणतील. ते म्हणाले, "उंबऱ्याची पट्टी लांब हाय. तिला कडक गोंद लावला न्हाईस ना?"

"न्हाई," मी म्हणाले. "लवचिक लावलाय."

त्यांनी मान हलवली आणि चप्पल शोधायला गेले.

लोक मला विचारतात, विशेषतः बायका विचारतात, की एवढं करून शेवटी काय मिळालं, मन हलकं झालं का, का उलट रितं वाटलं. त्यांना मी रितं वाटलं असं म्हणायला हवं असतं. मला तसं वाटलं नाही. मला भूक लागायला लागली, झोप लागायला लागली. लातूरच्या बाजारात मी आता रस्त्याच्या मधून चालते आणि ओळखीची बाई दिसली की तीच आधी "कवा आलात?" विचारते. भाऊजींना मी माफ केलेलं नाही. त्यांनी माफी मागितलीही नाही. लग्नाकार्यात समोरासमोर आलो की ते "बसा" म्हणतात, मी बसते.

ह्यांच्याशी माझं अजून एक बोलणं राहिलंय. शेडमध्ये आम्ही दिवसभर एकमेकांना माप सांगतो, शिकंजा धर म्हणतो, चहा झाला का विचारतो. परवा एका मोठ्या टेबलाची फळी लोखंडी चौकटीवर बसवताना दोघांचे हात फळीवर होते, गोंद जरा धरेपर्यंत सोडता येत नव्हतं, आणि तेव्हा हे अचानक म्हणाले, "मी त्या दिवशी बोलायला पायजे होतं."

मी म्हणाले, "हाव. पायजे होतं."

मग आम्ही तसेच उभे राहिलो, फळी दाबून धरून. त्यांना वाटत होतं मी अजून काही म्हणेन. मी म्हणाले नाही.